तेवीस नंबरचा मोबाईल

३ नोव्हेंबर, सोमवार

नूरबानो खालाने, म्हणजे माझ्या मावशीने, ही वही दिली. म्हणाली, कॉम्प्युटरमध्ये काय काय करतेस ते लिहून ठेव, उद्या बिघडलं तर तुलाच आठवणार नाही. वही दोनशे पानी. सेटिंगला एवढी पानं कशाला लागतात? पुढून सेटिंग लिहीन, मागून माझं. मागून कुणी वही उघडत नाही.

खालाची अभ्यासिका जेलरोडला आहे, पहिल्या मजल्यावर, फक्त मुलींसाठी. चोवीस खुर्च्या. सगळ्या कसल्या ना कसल्या भरतीचा अभ्यास करतात, पोलीस, तलाठी, नर्स. मी दाराजवळच्या टेबलावर बसते, सह्या घेते, नेट बघते. चोवीस जणी शिकतात आणि दारात बसलीय ती नववीत शाळा सोडलेली. कुणी बोलून दाखवत नाही. पण मनात म्हणत असणारच.

परवा एका मुलीचे वडील डबा द्यायला वर आले. ती फुकटवाल्या साईटवर प्रश्नपत्रिका सोडवत होती. प्रश्न आठ आणि प्रश्न नऊच्या मध्ये पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात आणि त्यात अर्ध्या कपड्यांतली बाई. त्यांनी जाहिरात बघितली. मुलीची बॅग उचलली आणि तिला घेऊन गेले. संध्याकाळी खाला मला म्हणाली, "तू दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून असतेस ना? हे बंद करून दाखव."

(आमच्याकडे सगळे हिंदीत बोलतात. मी मराठी शाळेत होते, मला लिहायला मराठीच येतं.)

५ नोव्हेंबर, बुधवार

सापडलं. प्रॉक्सी म्हणतात त्याला. मोबाईल सरळ नेटवर जात नाही, आधी आपल्या कॉम्प्युटरला विचारतो. कॉम्प्युटर दारावर उभा राहतो. जाहिरातीचा पत्ता आला की तिथूनच परत पाठवतो. मी घेतला त्याचं नाव प्रिव्हॉक्सी. फुकट आहे.

पण फुकट का? एवढं बनवून कोण कुणाला फुकट देतं? दोन तास हेच शोधत बसले. तसं काही वाईट सापडलं नाही. म्हणजे नीट लपवलं असेल.

टाकलं शेवटी. जुन्या कॉम्प्युटरवर चालतंय, जाहिराती गायब. मोबाईलवर मात्र नेटच बंद.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कळलं. त्याच्या सेटिंगच्या फाईलमध्ये एक ओळ आहे, तिथे 127.0.0.1 लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ "मी स्वतः". म्हणजे तो फक्त स्वतःचंच ऐकत होता. तिथे अभ्यासिकेच्या नेटवरचा पत्ता टाकला. तरी नाही! मग फायरवॉल निघाली मध्ये, ती बाहेरच्या कुणाला येऊ देईना. तिला परवानगी दिली. हा कॉम्प्युटर घरातल्यांशी बोलतो आणि बाहेरचं कुणी आलं की तोंड बंद. अम्मी इथे असती तर म्हणाली असती, हा तर आपल्या उजमावर गेलाय.

आता खालाच्या मोबाईलवर पण चालतंय. खाला म्हणाली, "शाब्बास." एवढंच, पण म्हणाली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज प्रत्येकीचा मोबाईल हातात घेऊन वायफायमध्ये प्रॉक्सी टाकला. चोवीस वेळा "जरा मोबाईल दे" म्हणावं लागलं. दहाव्या मुलीपर्यंत घसा सुकला. राउटर प्रत्येक मोबाईलला एक नंबर देतो. तो वहीच्या पुढच्या बाजूला नावासमोर लिहून घेतला, म्हणजे बिघाड झाला तर कुणाचा ते कळेल. खाला बारा. खिडकीतली निकिता तेवीस.

निकिता एकलहऱ्याची. पोलीस भरतीचं मैदान मारलंय, आता लेखी राहिलीय, सात डिसेंबरला. तिचा आवाज एवढा मोठा की अभ्यासिकेत कुजबुजली तरी खाली दुकानात ऐकू जाईल.

"काय इंजिनियर बाई," म्हणाली, "माझे फोटोबिटो नाही ना बघणार?"

सगळ्या हसल्या. मी मान खाली घालून सेटिंग केलं. मग निकिता, तिच्या मते हळूच, म्हणते, "ए उजमा, हे असलं जमतं तुला. दहावीचा फॉर्म का भरत नाहीस बाहेरून?"

हिला काय पडलंय माझ्या दहावीचं? चारचौघींत विचारायची गरज होती? मुद्दाम विचारलं.

दुपारी नमाजनंतर अकबरचाचा आले. ते खालाचे जेठ, म्हणजे थोरले दीर. माझे खालू, खालाचे मियाँ, वारल्यापासून दर शुक्रवारी येतात, माझ्या खुर्चीवर बसतात आणि सह्यांचं रजिस्टर चाळतात. जागा त्यांच्या नावावर आहे. नेहमीचं वाक्य म्हणाले, "नूरबानो, जोपर्यंत तू आमच्या घरची आहेस, तोपर्यंत ही चावी तुझी." खाला चहा ठेवायला आतल्या ओट्याकडे गेली.

८ नोव्हेंबर, शनिवार

सत्यानाश झाला. शनिवारची लाईट गेली, दहा ते एक. आली तर एकीचंही नेट चालेना. "उजमाऽ! उजमाऽ!" चोवीस जणी. मला रडायलाच आलं. वाटलं कुणीतरी मुद्दाम वायर काढली.

वायर बरोबर होती. लाईट गेल्यावर राउटर सगळं विसरला आणि कॉम्प्युटरला दुसराच नंबर दिला. मुलींचे मोबाईल जुन्या नंबरावर हाका मारत बसले. मी कॉम्प्युटरचा नंबर पक्का करून टाकला आणि राउटरची वायर इन्व्हर्टरला जोडून घेतली. आता किती का लाईट जाईना. सगळं बरोबर झालं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

निकिता ओरडत आली. "इंजिनियर बाई, जाहिराती घालवल्या ते ठीक, माझं हॉल तिकीटपण घालवलं!"

भरतीच्या साईटवर जे वाकडेतिकडे आकडे ओळखून टाकायचे असतात, तेच दिसत नव्हते. प्रॉक्सीने ते पण जाहिरात समजून अडवले. कुठला पत्ता अडलाय ते शोधायला नोंद चालू करावी लागते, ती केली. सापडला, सोडून दिला, हॉल तिकीट निघालं. निकिताने माझ्या गालाचा चिमटा घेतला. दुखलं.

नोंद बंद करायची राहिली. म्हणजे, राहू दिली.

त्यात ओळी येत राहतात. किती वाजता, कुठला नंबर, कुठली साईट. आतलं पान दिसत नाही, साईटचं नाव तेवढं. पाकीट बंद, वरचा पत्ता दिसतो तसं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मला वाटायचं या सगळ्या लय अभ्यास करतात. अकरा नंबर तासभर साड्या बघते. चार नंबरला रोज केस गळतीचं औषध. बाहेरून कशा पुस्तकात मान घालून असतात! आता कुणी माझ्याकडे बघून हसली तरी मला माहीत असतं हिचं काय चाललंय ते. मला आवडायला लागलंय हे. आवडायला नको बहुतेक.

पण तेवीस. तेवीस नंबरवर आज बारा वाजून दहा मिनिटांनी एक साईट उघडली, तिच्या नावातच निकाह आहे. स्थळं बघायची साईट. पाऊण तास उघडी होती.

तेवीस म्हणजे निकिता. निकिता आणि निकाहची साईट?

वही परत बघितली. तेवीस, निकिता, माझ्याच अक्षरात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

परत बारा वाजता. निकिता खिडकीत बसून मोबाईल बघत होती आणि हसत होती. अभ्यास करताना कोण हसतं? मी पाण्याचा जार बघायचं निमित्त करून तिच्या मागून गेले. तिने मोबाईल उलटा ठेवला. उलटा का ठेवला?

आपल्यातला कुणीतरी मुलगा असणार. नाहीतर ही साईट तिला कुठून माहीत? कोण असेल? खालच्या झेरॉक्सवाल्याकडे ती जास्त वेळ थांबते. लक्ष ठेवायला हवं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज निकिता आलीच नाही. चांदवडला मामेबहिणीची हळद आहे म्हणून काल सांगून गेली. आणि तरी बारा वाजता तेवीस चालू!

म्हणजे मोबाईल इथे कुणाकडे तरी ठेवून गेलीय. घरी सापडायला नको म्हणून. आणि जिच्याकडे दिलाय तीसुद्धा यात सामील आहे. मी सगळ्यांच्या बॅगा लांबूनच बघितल्या. काही कळलं नाही. खालाला विचारलं, "कुणी तुझ्याकडे मोबाईल ठेवलाय का?" ती आत जेवत होती, तिच्या मोबाईलवर काहीतरी वाचत. एकदम दचकली. "नाही. का?"

१८ नोव्हेंबर, मंगळवार

खालाला सांगून टाकलं. एकटीने किती दिवस पोटात ठेवू?

मला वाटलं ती चिडेल. चिडली नाही. आधी विचारलं, "तुला त्यात सगळ्यांचं दिसतं?" मी म्हटलं, साईटची नावं दिसतात. "बोलणं दिसतं? फोटो?" नाही म्हटलं. "आणि कुणाचं म्हणालीस?" निकिताचं. मग ती बराच वेळ ओट्यावरचं एकच पातेलं पुसत राहिली.

"निकिताला काही बोलू नकोस," म्हणाली. "कुणालाच नको."

किती मोठं मन आहे खालाचं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बघा. कालपासून तेवीसने ती साईट एकदाही उघडलेली नाही. बातम्या, बिर्याणीची रेसिपी, गुडघेदुखीचे व्यायाम. निकिताला वास लागला. कुणी सांगितलं असेल? मला आणि खालाला सोडून कुणाला माहीतच नाही. भिंतीला कान असतात ते खरंय.

(गुडघेदुखी धावून धावून झाली असेल.)

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वाईट झालं.

अकबरचाचा आले, माझ्या खुर्चीवर बसले. मी उठले पण नोंद स्क्रीनवर तशीच राहिली, चौदा तारखेची, मी परत वाचत होते. त्यांनी चष्मा लावला. "हे निकाह काय आहे? कोण बघतं हे?"

मला त्यांच्यासमोर आवाज फुटत नाही. शाळेत पण असंच व्हायचं, सर उभं करायचे आणि माझी जीभ टाळूला चिकटायची. मी वही उघडली आणि बोट ठेवलं. तेवीसवर.

"निकिता?" ते उभेच राहिले. "नूरबानो! हिंदूंची मुलगी आपल्या जागेत बसून निकाहच्या साईट बघते आणि तुला पत्ता नाही? उद्या ही कुणाबरोबर गेली तर लोक कुणाचं दार फोडतील? माझं! आत्ताच्या आत्ता काढ तिला. आणि बापाला फोन लाव, माझ्यासमोर."

खाला दारात उभी होती. ओढणीचं टोक तिने मुठीत धरलं होतं. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या भाईजान, पोर आहे. ती माझ्याकडे बघत होती. मग चाचांकडे. मग तिने फोन लावला.

"हिरामणभाऊ, तुमच्या मुलीचं लक्ष नाही अभ्यासात. लग्नाच्या साईट बघते मोबाईलवर. तिला उद्यापासून पाठवू नका." निकाहचा शब्द काढला नाही.

निकिताला मीच बॅग आणून दिली. ती म्हणाली, "मॅडम, मी? कसल्या साईट? घ्या ना, बघा माझा मोबाईल!" खालाने बघितला नाही. निकिता पहिल्यांदा हळू आवाजात बोलत होती.

२२ नोव्हेंबर, शनिवार

खिडकीतली खुर्ची रिकामी. कुणी तिथे बसत नाही, सगळ्या माझ्याकडे बघतात.

खाला काल जेवली नाही, आज पण नाही. डोळे सुजलेत. एका मुलीसाठी एवढं? बरोबरच केलं ना आपण? मग रडते कशाला?

२४ नोव्हेंबर, सोमवार

सिंधुबाई आमच्याकडे झाडू-फरशी करतात. त्या एकलहऱ्याच्याच, निकिताच्या गल्लीतल्या. आज फडकं पिळता पिळता म्हणाल्या, "निकिताचं लय वाईट चालू हाय बाय. बापानं मोबाईल घेतला काढून. परीक्षा नाय नि काय नाय म्हन्तो. रविवारी वणीचं पाव्हनं येनार बघायला. पोरगी नुसती भित्तीकडं तोंड करून पडलीया."

"पण सात तारखेला पेपर आहे तिचा," मी म्हटलं.

"ते त्येला सांग."

मी टेबलावर येऊन बसले. सहज नोंद बघितली. तेवीस चालू होता. दहा वाजून पाच मिनिटं, बातम्या. दहा पंचवीस, रेसिपी.

मोबाईल बापाकडे. निकिता भिंतीकडे तोंड करून. मग हा तेवीस कोण आहे?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

प्रॉक्सीवाल्यांचा नेटवर कट्टा आहे, तिथे काल मोडक्या इंग्रजीत विचारलं होतं, मोबाईल इथे नसताना त्याचा नंबर कसा चालू? आज कुणीतरी उत्तर दिलंय. म्हणे, तुझे नंबर पक्के केलेले आहेत का? नसतील तर राउटर बंद होऊन चालू झाला की जो मोबाईल जसा येईल तसा नवा नंबर मिळतो. राउटरच्या पानावर जाऊन बघ.

आठ तारखेची लाईट.

कॉम्प्युटरचा नंबर मी पक्का केला. त्याचा बदलला होता हे माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग चोवीस मोबाईलचे बदलले नसतील असं मला का वाटलं? वही होती ना माझ्याकडे. माझ्या अक्षरातली.

राउटरचं पान उघडलं. त्यात प्रत्येक नंबरासमोर मोबाईलचं नाव असतं. निकिताचं कुठेच नाही. साड्यावाली अकरा मी जिला समजत होते ती नाहीच. सगळी यादी खोटी.

तेवीससमोर इंग्रजीत लिहिलंय, नूरबानो.

सोळा तारखेला ती आत जेवत होती. बारा वाजता. ती रोज बाराला जेवते.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पान उघडून स्क्रीन खालाकडे वळवली. बोलता येत नव्हतं, म्हणून वळवली. तिने वाचलं. ओढणी नीट केली आणि खाली बसली.

"मालेगावचे आहेत," म्हणाली. "मास्तर. बायको वारली. दोनदा फोनवर बोललो, बस. मी बेचाळीसची आहे उजमा, काही गुन्हा नाही केला."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर चावी त्याच मिनिटाला गेली असती. जोपर्यंत आमच्या घरची आहेस, ऐकलंयस ना? या मुली कुठे गेल्या असत्या?"

"एक तर गेलीच ना."

माझ्या तोंडून कसं निघालं कळलं नाही. खालाने तोंड फिरवलं. "थोडे दिवस थांब. मी सांगेन तिच्या घरी. काहीतरी सांगेन."

"रविवारी वणीचे पाहुणे येणार आहेत, खाला."

खालावर मला आजपर्यंत कधी संशय आला नव्हता. चोवीस जणींवर आला, झेरॉक्सवाल्यावर आला, फुकट सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांवर आला.

नोंद बंद केली. जुनी फाईल पुसायच्या आधी चौदा तारखेचं पान छापून घेतलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सिंधुबाईंबरोबर सिटी बसने एकलहऱ्याला गेले. वही पिशवीत. सिंधुबाईंनी विचारलं, काय बोलनार? मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "मंग मला कशाला नेतीस, मला तर त्याहून म्हाईत नाय."

निकिताचे वडील हिरामणकाका थर्मलला, वीज केंद्रात, कंत्राटावर आहेत. पाळी सुटून आले होते, ओसरीत बसून पायावरची राख धूत होते.

"तू तीच ना, दारात बसती ती?"

मी मान हलवली. निकिता आतून आली, मला बघितलं आणि परत आत गेली. मी वही उघडली, कागद उघडला, आणि जीभ टाळूला चिकटली. सिंधुबाई मागून म्हणाल्या, "बोल की बाय, बस चुकंल."

मग बोलले. आवाज माझा वाटतच नव्हता.

"काका, निकिताचं नाव मी सांगितलं. ते चुकलं. हे नंबर मी लिहिले होते, पण लाईट गेल्यावर ते बदलले. हा नंबर घराच्या नंबरासारखा नसतो, काका. एसटीतल्या सीटसारखा असतो. कालपर्यंत निकिता बसली होती, आज दुसरं कुणी."

"मला ह्यातलं काय समजत नाय."

"मग साईटचं नाव वाचा. तारीख चौदा. निकाह लिहिलंय. निकिता कशाला बघेल निकाहची साईट?"

त्यांनी कागद लांब धरून वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

"मंग ह्यो मोबाईल कुनाचा हाय?"

हे ते विचारणार हे मला बसमध्येच कळायला हवं होतं. दारात सिंधुबाई उभ्या. सिंधुबाईंना कळलं की उद्या जेलरोडला, परवा अकबरचाचांकडे.

"माझा," मी म्हटलं.

"आगं बया!" सिंधुबाई.

"किती वर्साची तू?"

"सतरा."

"बापाला म्हाईत हाय?"

"नाही."

"मंग लावू का फोन त्येला? तुझ्या मावशीनं मला लावला तसा? सांग नंबर."

अब्बूंचा नंबर मी सांगितला, दहाच्या दहा आकडे. त्यांनी प्रत्येक आकडा दाबला. हिरव्या बटणावर अंगठा ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. मी नाही म्हटलं नाही.

त्यांनी फोन खाली ठेवला. "निके," आत हाक मारली, "ह्यो घे तुझा मोबाईल. आनि तुझ्या आईला म्हनावं, वणीवाल्यास्नी सांग, परीक्षा झाल्यावर बघू."

निकिता बसस्टॉपपर्यंत आली. सिंधुबाई पुढे होत्या.

"तू खोटं बोललीस."

"कशावरून?"

"लग्नाच्या साईट बघणारी असं ताडकन सांगत नाही. कोण आहे ती?" मी रस्त्याकडे बघितलं. "बरं, नको सांगू. पण तू रोज बघत होतीस? मी काय बघते ते?"

"हो."

"काय काय दिसलं माझं?"

"तुझं काहीच नाही. तुझं समजून मी दुसऱ्याच कुणाचं बघत होते."

"म्हणजे माझं दुसऱ्या कुणाच्या नावावर बघितलंस."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "पुसून टाकलं," मी म्हटलं.

"त्याने काय होतं? तू बघितलंस ना?" बस आली. ती हसली नाही, चिमटा पण घेतला नाही. "शनिवारी येते मी. खिडकीतली जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सिंधुबाईंनी एका दिवसात सगळ्या जेलरोडला सांगितलं. मी आत आले तर मुलींनी "नवरी आली, नवरी आली" सुरू केलं. अम्मीने सकाळी माझा मोबाईल काढून घेतला. अब्बूंनी माझ्याकडे बघितलं नाही. ते जास्त लागलं.

दुपारी अकबरचाचा आले. बसलेच नाहीत. "वा," म्हणाले. "म्हणजे बाहेरची नव्हती, घरचीच होती! शाळा सोडून घरी बसवली की हे होतं. नूरबानो, बहिणीला सांग, रविवारच्या आत या पोरीचं कुठेतरी बघा."

सगळ्यांच्या माना वर झाल्या. मी टेबलाच्या कडेकडे बघत होते.

"भाईजान, तो मोबाईल माझा होता."

खाला चहाचा कप हातात घेऊन दारात उभी होती. कप हलत नव्हता.

"काय म्हणालीस?"

"माझा. मी स्थळ बघते आहे. उजमा माझ्यासाठी खोटं बोलली आणि निकितावर आलं तेव्हा मी गप्प बसले. दोन्ही मला जड झालं."

चाचांनी हात पुढे केला, तळवा वर. "चावी."

"देते," खाला म्हणाली. "सात तारखेला यातल्या नऊ जणींचा पेपर आहे. आठ तारखेला सकाळी तुमच्या घरी आणून देते. त्याआधी मुलींसमोर हिसकावून घ्यायची असेल तर घ्या, भाईजान."

त्यांनी आजूबाजूला बघितलं. सगळ्या जणी त्यांच्याकडे बघत होत्या, एकीनेही मान खाली घातली नाही. ते चहा न घेता गेले. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज येत होता.

खालाने तो चहा मला दिला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

निकिता आली, सही केली, खिडकीत बसली.

मी मध्ये उभी राहून सांगितलं की अकरा तारखेपासून सव्वीस तारखेपर्यंत मी तुमच्या साईटची नावं वाचत होते. नंबर चुकीचे होते, पण वाचत होते. आता बंद केलंय. कागदावर लिहून नेलं होतं, तरी दोन ठिकाणी अडखळले.

कुणी ओरडलं नाही. एकेक उठून टेबलापाशी आली, मोबाईल पुढे केला. "काढ ते." तेवीस मोबाईलमधून प्रॉक्सी काढला. काही जणी बोलल्या, काही नाही. निकिता शेवटी आली.

"काढू?"

"राहू दे. आठ दिवस आहेत, मला जाहिराती परवडत नाहीत." मग वाकून म्हणाली, "पण परत बघितलंस तर पोलीस झाल्यावर पहिली अटक तुला."

बाकीच्यांच्या जाहिराती परत आल्या. आठ तारखेनंतर ही खोली असेल का, माहीत नाही. खाला मालेगावला जाईल का, माहीत नाही. नोंद बंद आहे, त्यामुळे आत्ता कोण काय बघतंय ते पण माहीत नाही. हाताला सारखं वाटतं, चालू करावी.

दुपारी खिडकीजवळ सगळ्या एकदम हसल्या. माझ्यावरच हसल्या असतील. नसतीलही. मी डबा उचलला आणि तिकडे जाऊन बसले.